गिरणीवरच्या टाचण्या

भैरोबाच्या खाणीवरचा लाल डाग मयूरीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, पडद्यावर काहीतरी उडालंय. तिने बोटाने पुसून पाहिलं. डाग तसाच. मग तिने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि डागाच्या मधोमध एक पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं. छपराच्या कोपऱ्यावर निळ्या ताडपत्रीचा तुकडा होता. तो तिच्या नवऱ्याने, नितीनने, गेल्या पावसाआधी बांधला होता आणि आई खालून ओरडत होती, "जावईबापू, उतरा, पत्रा सडलाय!"

"सापडलं ना मूळ?" मागून इनामदार मॅडम म्हणाल्या. त्या जिल्ह्याच्या आपत्कालीन केंद्राच्या प्रमुख. आवाजात कौतुक होतं, आणि ते कौतुक माणसाचं नव्हतं.

केंद्रात हे यंत्र येऊन तीन महिने झाले होते. नाव त्याचं 'मूळशोध'. आधीचे नकाशे कुठे काय घडलं तेवढंच सांगायचे. मूळशोध का घडलं ते सांगायचा. त्याची रीत ऐकायला सोपी होती. पाच वर्षांत आलेला मदतीचा प्रत्येक फोन म्हणजे नकाशावरची एक टाचणी. इथे कुणाला दम लागला, इथे कुणी भाजलं, इथे कुणाचा पाय मोडला. त्या टाचण्यांखाली तो एकेक थर अंथरायचा: रस्ते, चढउतार, वारा, विजेच्या तारा, पाणी, दुकानं. पातळ कागद एकावर एक ठेवून उजेडात धरावेत तसं. मग त्यातली एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायचा आणि स्वतःला विचारायचा, ही इथे नसती तर? लाखो वेळा विचारायचा. जी उचलल्यावर सगळ्यात जास्त टाचण्या गळून पडत, ते मूळ. घाटाच्या वळणावरचे अपघात एका जाहिरातीच्या फलकामुळे होतात, हे त्यानेच शोधलं होतं. फलक काढला, तेव्हापासून त्या वळणावर खरचटल्याचाही फोन नव्हता. तेव्हापासून त्याला उलटून कुणी विचारत नसे.

आता त्याने लिहिलं होतं: भैरोबाची खाण. घटना तीनशे बारा, पैकी श्वासाचा त्रास एकशे चाळीस. मूळ: पिठाची गिरण. ही नसती तर घट एक्क्याऐंशी टक्के.

"पिठाची धूळ," मॅडम म्हणाल्या. "खड्ड्यात वारा फिरत नाही, धूळ बसून राहते. जुनी मोटर, उघड्या वायरी, म्हणून भाजणं. सांडलेल्या पिठावरून घसरणं. सगळं कसं जुळतंय बघ."

सगळं जुळत होतं आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. हे त्या खोलीत एकट्या मयूरीला ठाऊक होतं, कारण त्या तीनशे बारांतली पहिली टाचणी तिनेच मारली होती.

पाच वर्षांपूर्वी ती याच केंद्रात फोन घ्यायच्या कामाला लागली. दुसऱ्याच आठवड्यात खाणीतून फोन आला.

खाण म्हणजे तिचं माहेर. डोंगर पोखरून लोकांनी शंभर वर्षं दगड काढला, आणि दगड संपल्यावर तो फोडणाऱ्यांनी त्याच खड्ड्यात घरं बांधली. खड्ड्याच्या भिंतींना पायऱ्यांसारखे सात टप्पे, पहिला तळाशी, सातवा काठाखाली, गिरण चौथ्यावर; टप्प्याटप्प्यावर घरं, आणि मधल्या बोळांवरही पत्रे. फोनला आपला ठावठिकाणा कळतो तो आकाशातल्या उपग्रहांमुळे. त्यांची हाक पोचायला किती वेळ लागला त्यावरून तो अंतराचा हिशेब करतो. पण खाणीतून आकाशच वाटीएवढं दिसतं. हाका कातळावर आपटून, वळसा घेऊन उशिरा पोचतात आणि फोन फसतो. खाणीतून फोन केला की नकाशा माणसाला कधी तळ्याच्या मधोमध दाखवी, कधी थेट भाजी मंडईत.

"अक्का, लवकर गाडी पाठवा, सासऱ्याचा श्वास अडकलाय!" पलीकडून बाई रडत होती.

"पत्ता सांगा."

"अवो, खाणीतच की!"

"खाणीत कुठे?"

"गजराबाईच्या गिरणीवर इचारा, कुनीबी सांगंल!"

टाचणी मारल्याशिवाय गाडी सुटत नव्हती. मयूरीने टाचणी गिरणीवर मारली आणि गजराबाईला, म्हणजे स्वतःच्या आईला फोन लावला. गजराबाईने पट्टा थांबवला, पदराला हात पुसले आणि गाडी येताच ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली. गाडी जाईल तिथवर गाडीने, पुढे पायऱ्यांनी. अकरा मिनिटांत म्हातारा ऑक्सिजनवर होता.

"ह्यापुढे तुझ्या आईला गाडी द्या आणि मला गिरणीवर बसवा," ड्रायव्हर अल्ताफभाई नंतर म्हणाला होता.

गजराबाईला वाचता येत नव्हतं. पण खाणीतल्या घराघराचा डबा तिच्या फळीवर यायचा. झाकणाचा पोचा, कडीला बांधलेली चिंधी एवढ्यावरून तिला घर कळायचं, आणि घरात काय चाललंय तेही. कुणाकडे गव्हाऐवजी ज्वारी यायला लागली, कुणाचा डबा अर्धाच येतोय, कुणाचा डबा बाईऐवजी लेकरू आणतंय, म्हणजे बाई अंथरुणाला लागली. तिने कधी चूक केली नाही.

मग ती रीतच पडली. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मयूरी सांगायची, "खाणीतला फोन आला की टाचणी गिरणीवर मारायची आणि माझ्या आईला सांगायचं." हे कुठल्या नियमात नव्हतं. पण माणसं वाचत होती. पुढे मयूरी नकाशांच्या विभागात गेली, रीत मागे राहिली. त्या टाचण्यांवर विश्वास ठेवणारं कुणी पुढे येईल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. फोन घेणाऱ्या सगळ्यांना ठाऊकच होतं ना, टाचणी गिरणीवर म्हणजे माणूस दुसरीकडे!

"मॅडम, त्या टाचण्यांबद्दल..." मयूरीने सुरुवात केली.

"टाचण्यांचं काय?" मॅडम वळल्या. "एक लक्षात ठेव. टाचणी म्हणजे साक्ष. कोर्टात चालते. शेजारच्या जिल्ह्यात एकाने अंदाजाने जागा भरल्या होत्या, त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तुझा करार पुढच्या महिन्यात वाढायचाय ना?"

"हो."

"मग? काय म्हणत होतीस?"

"काही नाही. एकदा तपासून घेते."

तपासायचं काही नव्हतंच. तिने तीन ओळींचा मजकूर लिहिला: या टाचण्या खऱ्या जागांच्या नाहीत, ही रीत मी पाडली, अहवाल थांबवावा. आणि तो पाठवला नाही.

ओवी आठ महिन्यांची होती. दोन महिन्यांत तिसरं पाळणाघर झालं होतं. प्रत्येक ठिकाणाहून ती नवा ताप घेऊन यायची. नितीन दुसऱ्या शहरात, आठवड्याला एक दिवस यायचा. दुपारी तीनच्या सुमाराला मयूरीचा पान्हा दाटून यायचा, कुर्त्यावर ओल उमटायची, आणि ती फाइल छातीशी धरून बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची. आईला तिने किती वेळा म्हटलं होतं, ये गं माझ्याकडे. आईचं एकच उत्तर, "गिरण कुणाच्या भरवशावर टाकू?"

गिरण बंद झाली तर आई येईल. हा विचार तिने केला नाही. तो आपणहून आला, आणि तिने त्याला घालवून दिलं नाही.

आठ दिवस ती रोज त्या तीन ओळी उघडायची, एखादा शब्द बदलायची, मिटायची. नवव्या दिवशी गिरणीला सील लागलं, आणि पुढच्या वेळी कुणी चुकूनही तिथे टाचणी मारू नये म्हणून 'गजराबाईची गिरण' हे ठिकाण यादीतून पुसलं गेलं.

आई एका पिशवीनिशी आली. दारातच म्हणाली, "माझ्या पिठानं मानसं मरत्यात म्हनं. पाच वर्सं मी मढी पाडत हुते आन मलाच ठाऊक न्हाई!"

"आई, बस तरी."

"बसते. पन चौदा डबं आत अडकल्यात मयू. लोकांचं दानं हाय. शेवंताच्या गौरीचा बी डबा हाय. नाचणी हाय त्यात, पोरीला गहू सोसत न्हाई."

गौरी सातव्या टप्प्यावरची. सहा वर्षांची. डबा डोक्यावर घेऊन खाली यायची आणि दर टप्प्यावर थांबून छाती धरायची. दळण होईपर्यंत गजराबाईच्या पायाशी बसायची, आणि निघताना नाक पुढे करायची. गजराबाई त्याला पिठाचं बोट लावायची. त्याशिवाय ती हलायची नाही.

आणि मग मयूरीच्या घरात सुखाचे दिवस आले. हे खोटं कशाला सांगावं? ती कामावरून परतायची तेव्हा ओवी तेल लावून, न्हाऊन, आजीच्या मांडीवर पालथी पडून हसत असायची. ताप पळाला. गालांवर बाळसं आलं. एका दुपारी आईचा फोन वाजला आणि नुकती झोपलेली ओवी दचकून उठली, दोन तास रडली. त्यावर मयूरी म्हणाली, "आई, ही झोपल्यावर फोन मुका ठेवत जा." तिनेच तो कसा करायचा ते शिकवलं.

फक्त रस्त्यावरून भोंगा वाजत गेला की आई बोलता बोलता थांबायची. भोंगा दूर जाईपर्यंत कान देऊन बसायची.

"एक सांग," एकदा मयूरी ओवीला भरवत असताना आई म्हणाली. "पिठानं दम लागतो, तर तो आदी मला का न्हाई लागला? पंचवीस वर्सं पीठ खाल्लं मी. चवथ्या टप्प्यावर कुनाला दम हाय? न्हाई. पाचव्यावर? न्हाई. दमेकरी समदे सहाव्या-सातव्याचे. वर काठावर रोज कचरा जाळत्यात न्हवं का शहराचा? त्यो धूर काठाला लोंबतो, खाली येतच न्हाई. ह्ये मला अडाण्याला कळतंय, तुझ्या यंत्राला कसं कळंना?"

मयूरीच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. टाचण्या आपापल्या खऱ्या घरांवर असत्या, तर लाल डाग चौथ्या टप्प्यावर बसलाच नसता. तो भिंत चढून काठाशी गेला असता, धुरापाशी. यंत्र चुकलं नव्हतं. त्याला जे दाखवलं, ते त्याने नीट पाहिलं होतं.

त्या दिवशीही तिने तीन ओळी उघडल्या. करार वाढायला चार दिवस होते.

करार वाढला. त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, फोन घेणारी नवी मुलगी जागेवरून उठून मयूरीकडे आली. "मॅम, खाणीतला कॉल आहे. जागा तळ्यात दाखवतंय. बाई नुसती गिरण गिरण म्हणतेय. यादीत गिरणच नाही."

मयूरीने कानाला फोन लावला. पलीकडे शेवंता होती. "पोरगी बोलंना वो! डोळं फिरवायलीया!"

"शेवंतावहिनी, मी मयूरी. गाडी सोडते. तुम्ही खाली कुणाला तरी पाठवा."

"घरात कोन हाय? पोरीला सोडून कशी जाऊ?" आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

तिने यंत्राला डावलून अल्ताफभाईला थेट सांगितलं. सात मिनिटांत तो खाणीत होता.

"मयूरी, गिरणीला कुलूप आहे. पुढं कुणीकडं?"

"सातवा टप्पा. शेवंताचं घर."

"सातव्यावर दीडशे घरं आहेत बाई! वरच्या अंगाला धूर इतका आहे की हात दिसत नाही. जिना कुठला घेऊ, तळ्याकडचा की देवळाकडचा?"

 मयूरी चौथ्या टप्प्यावर वाढली होती. सातव्यावर ती कधी गेलीच नव्हती. तिकडचे लोकच खाली यायचे, डबा घेऊन. तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा. तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं: खोलीत पडदे ओढलेत, ओवी मुठी मिटून झोपलीय, शेजारी आई कुशीवर लवंडलीय, आणि ओट्यावर फोनचा उजेड लागतोय, विझतोय.

सहा वेळा लावला.

अल्ताफभाईला घर सापडलं तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती आणि गौरीचा श्वास थांबला होता. तो फोनवर एवढंच म्हणाला, "गिरणीपासून इथपर्यंत साठ पायऱ्या होत्या फक्त. दुसऱ्या जिन्यानं."

शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांना नकाशा दाखवला. खाण हिरवी झाली होती. महिन्याभरात एकही टाचणी नाही. "यंत्र म्हणालं होतं एक्क्याऐंशी टक्के," त्या म्हणाल्या. "आपण शंभर करून दाखवले."

"आणि मंगळवारचा कॉल?" मयूरीने विचारलं.

"त्याला जागा नव्हती ना. जागा अनिश्चित असेल तर तो कॉल मोजणीत येत नाही." मॅडमनी मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या ओळखीतली होती का गं?"

महिन्याभरात असे अकरा कॉल मोजणीबाहेर पडले होते.

घरी आली तेव्हा आई ओवीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने चार दिवस नीट खाल्लं नव्हतं. फोन हातात होता, त्यावरचे सहा न घेतलेले फोन ती अंगठ्याने वरखाली करत होती.

"म्या बघितला असता तर," ती म्हणाली. तेच, चार दिवसांपासून. "नुसती मान वळवली असती तरी उजेड दिसला असता. यंत्र खरंच बोललं मयू. मीच मूळ."

"आई, नाही."

"न्हाई कसं? माझ्यापायीच की."

आईच्या तोंडून ते वाक्य पुन्हा ऐकणं मयूरीला सोसवलं नाही. तिने सांगून टाकलं. टाचण्या कुणी मारल्या, अहवाल कधी पाहिला, मॅडम काय म्हणाल्या, तीन ओळी, आठ दिवस. आणि हेही सांगितलं, की तू यावीस असं मला वाटत होतं.

आईने फोन बाजूला ठेवला. मग तिने ओवीला उचललं आणि मयूरीच्या मांडीवर ठेवलं. हळूच, झोप मोडणार नाही अशी. आपले हात मात्र लगेच काढून घेतले.

"सील लागलं त्या दिशी मी तुला इचारलं हुतं," ती म्हणाली. "तू म्हनालीस, वरून हुकूम आलाय."

"हो."

"काढ तुझा नकाशा."

शनिवार, रविवार दोघी नकाशापुढे बसल्या. मयूरी तारीख वाचायची, आजार वाचायची. आई डोळे मिटायची.

"बारा मार्च. पुरुष, दम."

"शिमग्याच्या तोंडावर? पारूचा सासरा. सहावा टप्पा, टाकीच्या मागं. त्यांच्या डब्याला पिवळी चिंधी."

"वीस जून. बाई, पाय मोडला."

"ती इठाबाई. देवळाकडच्या जिन्याची तिसरी पायरी निखळलीया, तिथं. आजून बी निखळलेलीच हाय."

एकेक टाचणी गिरणीवरून उठत होती आणि आपापल्या घरी जाऊन बसत होती. लाल रंग चौथ्या टप्प्यावरून उकलला, भिंतीवरून वर चढला आणि काठाशी साकळला. तीनशे बारांपैकी सात आईला आठवल्या नाहीत. त्या सातांसाठी ती स्वतःवर चिडली.

"आन गौरीची?"

"ती नकाशावर नाहीच आई."

"मग लाव."

सातवा टप्पा, देवळाकडच्या जिन्याने वर गेल्यावर डावीकडचं तिसरं घर, दारात तुळशीऐवजी कोरफड. मयूरीने टाचणी लावली आणि मूळशोधला सगळं पुन्हा विचारायला लावलं. श्वासाच्या घटनांपुढे त्याने लिहिलं: काठावरचा जळता कचरा, चौऱ्याहत्तर टक्के. गौरीच्या टाचणीखाली वेगळी ओळ आली: उशीर अडतीस मिनिटं. मूळ: पिठाच्या गिरणीची अनुपस्थिती. त्याहून मागे जायला त्याच्याकडे थर नव्हता. खाली एक रिकामी चौकट होती, इतर माहितीसाठी. मयूरीने त्यात लिहिलं, सील लागायच्या आठ दिवस आधीपासून मला माहीत होतं, आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव टाकलं.

"काय लिवलंस?"

"माझं नाव."

आईने मान हलवली. बरं केलंस म्हणाली नाही. मयूरीने पाठवायचं बटण दाबलं तोवर ती आत जाऊन पिशवी भरत होती.

"आई, सील काढायला महिने लागतील. तिथे जाऊन काय करशील?"

"दारात बसंन. गाडी आली तर जिना तरी दावीन." ती चपला घालायला वाकली. "शेवंताला काय सांगायचं त्ये बी बघायचंय. डबा अजून आतच हाय."

"आणि ओवी?"

आई थांबली. मयूरीच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीच्या पाठीवर हात ठेवायला तिने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबला, मग ठेवलाच. "तिला सांग, आजी गिरणीवर हाय."

दार उघडल्यावर ती परत वळली आणि फोन पुढे धरला.

"ह्येचा आवाज चालू करून दे."

मयूरीने एका हाताने तो पूर्ण मोठा केला, आणि नीट झालाय का बघायला आपल्या फोनवरून लावून पाहिला. घर दणाणलं. ओवी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. आईने तरीही तो दोन वेळा पुरता वाजू दिला, मग पदराच्या गाठीत बांधला आणि जिना उतरू लागली.